शाकाहारी ब्लॉक

प्रिय नाना,

काल मी तुमच्या नावावर एक खोटं बोलून आले. भोईवाड्यात, परबांच्या खोलीत, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. तुम्ही जाऊन तीन महिने होत आले, महाराष्ट्राचं राज्य होऊन पंधरा दिवस, आणि मला दोन्हींची अजून सवय झालेली नाही. पण हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून लिहायला बसले. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

किती हौसेनं तुम्ही हे घर बांधलंत! गिरगावातले काका म्हणाले होते, "दादरला? कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकायला चाललास?" तुम्ही हसलात आणि शिवाजी पार्कला प्लॉट घेतलात. तेव्हा इथे माहीमच्या नारळाच्या वाड्या आणि वाळू. मग रुंद रस्ते झाले, प्रत्येक इमारतीभोवती मोकळी जागा सोडायचा नियम झाला, गोल गॅलऱ्या आल्या. आणि फाटकाफाटकावर इंग्रजीत पाट्या, नावापुढे डिग्र्या! सगळे तुमच्यासारखेच, चाळीतून आलेले. पण दहा वर्षांत असे वागायला लागले की जणू चाळीचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

"कॉलनीला एक वळण आहे, कुमुद," असं तुम्ही सारखं म्हणायचात. त्या वळणात तुमच्यासारखे सॉलिसिटरच्या ऑफिसातले हेडक्लार्क, डॉक्टर, प्रोफेसर सगळे बसायचे. संध्याकाळी मैदानात सभा असली की गॅलरीत खुर्च्या मांडून तुम्ही ऐकायचात, आणि "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणताना तुमचा आवाज आमच्यात सगळ्यांत मोठा असायचा. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

पण तो रविवार आठवतो ना? खालचा ब्लॉक रिकामा होता. परब आले होते, परळच्या एका गिरणीत साचाखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम. स्वच्छ धोतर, काळी टोपी, भाडं द्यायची तयारी. मी पाणी आणून दिलं. तुम्ही गाव विचारलंत, खातं विचारलंत, मग घसा खाकरून म्हणालात, "त्याचं काय आहे, आमचा ब्लॉक शाकाहारी आहे."

नाना! आतमध्ये आई बोंबील तळत होती!

पिढ्यान्‌पिढ्या मासळी खाणारे आपण. वासानं अख्खा जिना दरवळत होता. त्या माणसानं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, गालात हसला, उठला. "बरां," म्हणाला. दारात चपला घालताना तेवढंच बोलला, "वास बरो येता. बोंबील ताजे आसत." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही मात्र पेपर उघडलात, तोही उलटा.

पुढचं मला तुमच्या बाराव्याला कळलं. परब आले, आईला नमस्कार केला आणि तुमच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, "तुमची आणि नानांची पुन्हा गाठ पडली होती?" ते म्हणाले, "पुन्हा? बाय, नाना दोन दिस माझ्या खोलयेत ऱ्हवले."

छप्पन्नच्या जानेवारीत चळवळीवर गोळीबार झाला, त्या आठवड्यात तुम्ही फोर्टातून पायी निघालात. ट्रामा बंद. लालबागला पोचेपर्यंत कर्फ्यू लागला. तुम्ही छत्री आणि फाइल छातीशी धरून एका बंद दुकानाच्या फळीला चिकटून उभे होता म्हणे. परबांनी तुम्हाला ओळखलं. "नानासायब, फुडे पोलीस आसत. माझ्या वांगडा चला." अकरा माणसांच्या खोलीत त्यांनी तुम्हाला खिडकीजवळची जागा दिली.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. त्यांच्या बायकोनं ताट वाढताना विचारलं, "सायबांका मासळी चलता मां?"

नाना, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं असेल? परबांनी घरी त्या रविवारचं काहीच सांगितलं नव्हतं! बायकोलाही नाही. ते पटकन म्हणाले, "चलता, चलता. वाढ तू." आणि तुम्ही मान खाली घालून जेवलात. दुसऱ्यांदा भात मागून घेतलात, असंही कळलं. घरी येऊन आम्हाला काय सांगितलंत? "एका पक्षकाराकडे अडकलो होतो."

एवढ्यावर थांबला असतात तरी समजून घेतलं असतं. पण तुम्ही दर गणपतीला "ऑफिसात काम आहे" म्हणून भोईवाड्यात जाऊन जेवून येत होतात! चार वर्षं! आणि त्यांना एकदाही आपल्या जिन्याची पायरी चढू दिली नाहीत. मधे एकदा ब्लॉक पुन्हा रिकामा झाला, तेव्हा रेल्वेतले साहेब आणून बसवलेत. लाज वाटत होती ना? मला ठाऊक आहे, ती लाजच होती. कुठल्या तोंडानं बोलावणार! पण लाजेपायी माणूस तीच चूक दुसऱ्यांदा करतो, हे तुमच्यासारख्या हुशार माणसाला कळू नये?

गेल्या महिन्यात साहेबांची दिल्लीला बदली झाली. अरविंदनं लगेच बँकेतला एक अधिकारी ठरवत आणला. मी परबांचं नाव काढलं तर म्हणतो, "ताई, कॉलनीचं वळण बघ. नानांना आवडलं नसतं." तुमचा मुलगा शोभतो खरा! मी भांडायला पदर खोचला, तेवढ्यात आई आतून आली. कधी मोठ्यानं न बोलणारी आपली आई! म्हणाली, "माझ्या हातचे बोंबील तव्यात असताना ह्यांनी शाकाहारी म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली रविवारचा घास नीट उतरलेला नाही. किल्ली हिला दे." अरविंदनं खिशातून काढून दिली.

काल किल्ली घेऊन भोईवाड्यात गेले. मला वाटलं, परब आनंदानं उड्या मारतील. कुठलं काय! त्यांनी किल्लीकडे पाहिलंही नाही. "आता कित्याक व्हया?" म्हणाले. खरंच, आता कशाला? बायको आतून टक लावून बघत होती. धाकट्या सुनेला दिवस गेलेले, झोपायला जागा नाही, तरी हा माणूस हात पुढे करीना. मग म्हणाले, "एक विचारतंय. नानांनीच सांगलेला काय ह्यां?"

काय सांगणार होते मी? की नानांना जमलं नाही? की माझे वडील तुमचं मीठ खाऊनही गप्प बसले? नाना, मी म्हटलं, "हो. शेवटच्या आजारात सांगितलं होतं. खालचा ब्लॉक परबांचा म्हणाले."

धादांत खोटं! पण मी ते तुमच्यासारखं पेपरामागे लपून बोलले नाही. आणि खरं सांगू? अजून थोडे दिवस मिळाले असते तर तुम्ही ते म्हणाला असतात, असं मला वाटतं. वाटू दे मला.

परबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग गालात हसले आणि हात पुढे केला. "बरां," म्हणाले. त्या रविवारीही ते असंच हसले होते, नाना.

येत्या रविवारी ते राहायला येतायत. आईनं आत्ताच बोंबील सांगून ठेवलेत. स्वयंपाकघराची खिडकी आणि जिन्याचं दार मी दोन्ही सताड उघडी ठेवीन, आणि पहिलं ताट खाली मी स्वतः घेऊन जाईन. कुणी विचारलंच तर छातीठोकपणे सांगेन, नानांनी पाठवलंय म्हणून. दर रविवारी सांगेन.

तुमची,
कुमुद