पेल्यांची उतरंड

१७ सप्टेंबर २००६, मार्मारिस, तुर्कस्तान
आज लातुरात मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं असेल, आणि क्लासच्या सरांनी नव्या पोरांना माझं उदाहरण दिलं असेल: ती धम्मप्रिया, दोनदा सीईटी दिली, दोनदा डॉक्टरकी हुकली, तिच्यासारखं होऊ नका. सर, मी भूमध्य समुद्रावर आहे. या, शोधा!

होडी तीस फुटांची, दोन शिडांची, नाव ‘वहिदा’. मालक तय्यबचाचा, लातूरचेच. तीस वर्षं जहाजांवर इंजिनं सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर ही जुनी होडी घेऊन बसले. ज्यांच्या नावाची होडी त्या वहिदाचाची, चाचांच्या बायको, माझ्या होस्टेलशेजारी मेस चालवायच्या. माझा निकाल लागला तेव्हा मामानं नांदेडहून फोनवर तासभर ऐकवलं. चाचींनी एवढंच विचारलं, “सैपाक येतो ना? मग चल की.” आता बेटं बघत बघत क्रीटपर्यंत जायचं. आज पिठलं केलं. शेजारच्या बोटीवरचा गोरा वासानं डोकावला, त्यालाही वाढलं. घाम फुटला बिचाऱ्याला. मी लई खूश आहे.

१९ सप्टेंबर, समुद्रात
शिडात वारा भरला की होडी एका अंगावर कलते आणि तशीच धावते. कढईसुद्धा बांधून ठेवावी लागते. दुपारी केबिनमध्ये उतरले तर टेबलावर स्टीलचे तीन पेले एकावर एक: पालथा, त्यावर सुलटा, त्यावर पुन्हा पालथा. भूकंपानंतर लातुरात लोक अशी उतरंड उशाशी रचून झोपायचे. जमीन हलली की पेले पडतात, पेले पडले की बाहेर पळायचं. आमच्या औशाकडच्या गावात तर माझी आजी वर्षभर आधीपासून रचायची, कारण बारके धक्के तेव्हापासूनच बसत होते.

मला वाटलं चाचांनी मस्करी केली. ते म्हणाले, “अगं पोरी, भूकंप जमिनीला व्हतो, पाण्याला न्हाई. म्या कशाला रचू?” होडीवरचे सगळे पेले प्लास्टिकचे आहेत, हे मला चहा गाळताना लक्षात आलं.

२१ सप्टेंबर
पुन्हा तीच उतरंड. होडी इतकी कललेली की मी भिंतीवर पाय रोवून उभी, आणि पेले जागचे हलत नाहीत. वरचा उचलला. कडेला नाव कोरलेलं: ग्यानोबा. माझा बाप. दुसऱ्यावर चांगुणा, माझी आई. तिसऱ्यावर धुरपताबाई, आजी. तिघंही भूकंपात गेले. हे पेले तेरा वर्षं आमच्या घराच्या दगडमातीखाली आहेत, तिथं नंतर कोणी खणलंही नाही.

घाबरले का? घाबरले. मग तिन्ही पेले समुद्रात भिरकावले आणि कणीक मळायला बसले. मेलेल्यांचा मान ठेवीन, पेल्यांचा नाही.

२३ सप्टेंबर
परत आले. ओले नाहीत. आत पांढरी माती, आमच्या माळवदाच्या छताची. पुन्हा फेकले. चाची बघत होत्या. त्यांनी दुवा मागितली.

२५ सप्टेंबर
चाचींना सांगून टाकलं. मामालाही कधी बोलले नव्हते. सात वर्षांची होते. गावात त्या दिवशी गणपती बुडाले होते. रोज झोपेतून उठून पळायचा मला वैताग आला होता. सगळे झोपल्यावर मी वरचा पेला उचलून सरळ ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. आवाज होऊ दिला नाही. उकडत होतं म्हणून एकटीच अंगणात जाऊन झोपले. तीस सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा पडायला उतरंडच नव्हती.

चाची म्हणाल्या, असती तरी पळायला वेळ मिळाला नसता. खरं असेल. पण तेवढ्यात केबिनच्या छतावर कोणीतरी पाय घासले. चाचा आमच्यासमोर बसलेले होते.

२७ सप्टेंबर, कार्पाथोस बेटाजवळ
नांगर टाकलाय. वारा नाही, लाट नाही, आणि भर दुपारी परत आलेले पेले पडले. रोज्यामुळे चाचा डुलकी घेत होते. खणखणाट ऐकला आणि लातूरच्या माणसानं जे करावं तेच केलं. “बाहेर! बाहेर पळा!” म्हणत पळाले. बाहेर समुद्र. कडेला आपटून पाण्यात पडले, खांदा निखळला. आम्ही दोघींनी दोरानं ओढून वर घेतलं.

मासेमाराच्या बोटीतून दोघं डॉक्टरकडे गेले. चाची मलाही ओढत होत्या. मी गेले नाही. माणसं माझी, चूक माझी, मग हाडं चाचांची का मोडावीत? इथंच सोक्षमोक्ष लावते.

२९ सप्टेंबर
मासेमारानं चाचींची चिठ्ठी दिली: होडी सोड, किनाऱ्यावर ये. नाही.

आज पेले चार. तळाचा बारका, त्यावर माझं नाव. छतावर पावलं, तिघांची. मी ओरडून सांगितलं: आई, चुकले, हजारदा चुकले. पण जगले त्याची माफी मागणार नाही. पावलं थांबली.

३० सप्टेंबर, सकाळ
केबिनचं झाकण उघडत नाही. वरून दगड रचल्यासारखं जड —

छतातून माती गळतेय. वहीवर पडतेय. समुद्रात माती कुठून —

कळलं. तेव्हा ते आत होते, मी बाहेर. आता —

कढईनं झाकण ठोकतेय. गप बसणार नाही.

उतरंड पडली नाही. वरचा पेला कोणीतरी उचलला. दिसत नाही कोणी. सरळ करून ठेवला. आवाज नाही.

दुसरा.

तिसरा —

चौथा माझा. तो मी हातात धरलाय. नाही देणार. हा मी आपटणार आहे, ऐकताय? आजी? इतक्या जोरात आपटणार की सगळं गाव जागं होईल, आणि मग आपण सगळेच बाहे—