सोमवारी टाकलेली पत्रं

अण्णा,

परवा इथे मोहालीला, धाकट्याच्या घरी, दुपारची जेवणं झाल्यावर त्याने मला विचारलं. तोही आता निवृत्त झालाय, गुडघ्यावर हात टेकून उठतो, आणि मराठी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात हिंदीवर जातो ते लहानपणापासून तसंच आहे. म्हणाला, "ताई, सच बता यार, अण्णांच्या वेळी तुला तार मिळाली होती ना? मग आली का नाहीस?" मी म्हणाले, "मिळाली होती. तिकीट मिळालं नाही." हेच मी आईलाही सांगितलं होतं, तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी, जर्मनीतलं शिक्षण संपवून परत आले तेव्हा. आई 'बरं' म्हणाली आणि कणीक मळायला बसली. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही आणि मीही काढू दिला नाही. आता तीही नाही. खरं ज्याला सांगावं असा एकच माणूस उरलाय, आणि त्याच्याशीही मी परवा पुन्हा खोटंच बोलले. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला सांगून आता काही बिघडायचं नाही, आणि सुधारायचंही नाही.

तुमचं सतरा सेक्टरमधलं पोस्टाचं सॉर्टिंग ऑफिस मला अजून दिसतं. अमरावतीहून बदली होऊन आपण चंदीगडला आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. रुंद रस्ते, त्यावर चार सायकली आणि एखादी स्कूटर, आणि सगळ्या घरांची तोंडं सारखी. मला इथे करमायचं नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला ऑफिसात न्यायचे. गोंदाचा आणि ओल्या पोत्याचा वास. तुम्ही खिशातून भिंग काढून पुसट शिक्के वाचायला शिकवलंत. "माणूस पत्रात तारीख कोणतीही टाकते, पोरी," तुम्ही म्हणालात, "मी शिक्का पायतो." घरी आलेलं पत्रही तुम्ही आधी उलटसुलट करून शिक्का बघायचे, कुठे पडलं, कधी पडलं, वाटेत किती दिवस गेले, आणि मगच फोडायचे. आई चिडायची. मामाचं पत्र असलं की म्हणायची, "अवं, आतमंदी काय लिवलं ते तं वाचा आधी."

आणि ते स्वयंपाकघर. बावीस सेक्टरच्या क्वार्टरमधलं, जिथे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला दारातच थांबावं लागे. मी सतरा वर्षांची आहे, जूनचं ऊन आहे, युनिव्हर्सिटीची बस आलेली नाही, आणि एका जीपवाल्याने थांबून विचारलंय, "बेटा, कित्थे जाणा?" मी बसले. म्हातारा सरदार होता, त्याने मला गेटपाशी सोडलं आणि तो निघून गेला. एवढंच. पण तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी पाहिलं, आणि संध्याकाळी तुम्ही त्या दारात उभे राहिलात. ओरडला नाहीत. आईने पुढे केलेलं ताट मागे सरकवलंत आणि म्हणालात, "मले सांगितलं असतं तं मी सायकलवर सोडून आलो असतो. अनोळखी माणसाच्या गाडीत पुन्हा बसू नको." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी मान डोलावली, पण मनातून धुमसत होते. सायकलच्या कॅरिअरवर बसून कॉलेजला जायचं वय माझं राहिलेलं नाही, हे तुम्हाला कसं कळत नाही, असं वाटत होतं. आज कुणी त्या कॅरिअरवर बसवलं तर मी दिल्लीपर्यंत जाईन.

तरीसुद्धा मला परदेशी पाठवायची वेळ आली तेव्हा सगळ्या नातेवाइकांशी भांडलात ते तुम्हीच. शिष्यवृत्तीचं पत्र आलं, त्याचाही आधी शिक्का पाहिलात. निघताना तुम्ही मला पोस्टाच्या उत्तर-कुपनांचा एक गठ्ठा दिलात, जगात कुठल्याही पोस्टात दाखवलं की त्याच्या बदल्यात तिकीट मिळतं ती. म्हणजे तिकीट नव्हतं म्हणून पत्र राहिलं, हे सांगायची सोयच ठेवली नाहीत. "दर रविवारी लिहजो आणि सोमवारी टाकजो," म्हणालात. दोन वर्षं मी तसंच केलं. आणि त्या दोन वर्षांत मी अनोळखी माणसांच्या किती गाड्यांत बसले, ते मोजायचं सोडून दिलं होतं.

तिथे सगळेच तसं करायचे, अण्णा. पेट्रोल पंपाजवळ किंवा मोठ्या रस्त्याला लागणाऱ्या फाट्यावर उभं राहायचं, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात गावाचं नाव लिहायचं आणि अंगठा दाखवायचा. पहिल्यांदा मी उभी राहिले तेव्हा माझा हात वर होईना. शेजारी माझी बंगाली मैत्रीण होती, तिने तो धरून वर केला. एका बाईने छोटी गाडी थांबवली, मागच्या सीटवर कुत्रं होतं, ते सगळा वेळ माझ्या मांडीवर झोपलं. नंतर ट्रकवाले भेटले, एक पाद्री भेटला, नुकतं लग्न मोडलेला एक माणूस भेटला, त्याने तीन तास रडत गाडी चालवली. भीतीही वाटली, एकदा तर सिग्नलला दार उघडून आम्ही दोघी पळालो. यातलं तुम्हाला काही कळवण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्ही पुन्हा जेवला नसतात.

चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघींनी तीन आठवडे दक्षिणेला, समुद्रापर्यंत जायचं ठरवलं. पत्रांचं काय करायचं हा प्रश्न होता. वाटेतून टाकावीत तर शिक्का दुसऱ्याच देशाचा, तुम्ही तो पाहिल्याशिवाय राहणार नाही. म्हणून निघण्यापूर्वी मी बसून तीन पत्रं लिहिली. तीन रविवारच्या तीन तारखा घातल्या. लायब्ररीत गर्दी असते, पाऊस आहे, बटाट्याची भाजी बरी जमली, असं सगळं लिहिलं. शेजारच्या खोलीतल्या जर्मन मुलीकडे ती दिली आणि सांगितलं, दर सोमवारी एक टाक, मंगळवारी नको. ती फार काटेकोर मुलगी होती. तिने काम चोख केलं. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. शिक्के ओळखणाऱ्या माणसाला शिक्क्यानेच फसवायचं, आणि ते त्याच्याकडूनच शिकून.

मी शनिवारी निघाले. चार दिवसांनी, बुधवारी, धाकट्याची तार हॉस्टेलवर आली की तुम्हाला हृदयविकाराचा झटका आलाय, लगेच ये. ती माझ्या कुलपाच्या पत्रपेटीत पडली आणि किल्ली माझ्या गळ्यात होती. पुढच्या सोमवारी त्या मुलीने ठरल्याप्रमाणे दुसरं पत्र टाकलं. ते तुम्हाला हॉस्पिटलच्या खाटेवर मिळालं. धाकट्याने सांगितलं मला हे, फार वर्षांनी. त्याने पत्र फोडून वाचायला घेतलं तर तुम्ही हाताने थांबवलंत, पाकीट मागितलंत, चष्मा मागितलात. शिक्का पाहिलात. तार पोचल्यानंतर पाच दिवसांनी पडलेलं पत्र. मग म्हणालात, "आता वाच." त्याने लायब्ररी आणि बटाट्याची भाजी वाचली. आई बाजूलाच उभी होती. तुम्ही चष्मा काढून त्याच्या हातात दिलात आणि म्हणालात, "तिची परीक्षा असन. तिले पुन्हा तार करू नका." त्यानंतर तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तुम्ही गेलात. माझं तिसरं पत्र तुमच्या अस्थी घरी आणल्या त्या दिवशी पोचलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, तब्येतीला जपा.

रविवारी मी परतले तेव्हा पेटीत दोन तारा होत्या. वरची दुसरी होती, तुम्ही गेल्याची, तीच आधी वाचली. आईचं पत्र नंतर आलं, आता येऊन काय करतेस, शिक्षण पुरं कर. मी राहिले. सुतकात जमिनीवर बसून राहिल्यासारखी दोन वर्षं राहिले, पण राहिले.

परीक्षा नव्हती, अण्णा. ऑगस्टमध्ये तिथे परीक्षा नसते. तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही, हा प्रश्न मी इतकी वर्षं उगाळतेय. ठाऊक असेल तर तुम्ही मला आईपुढे झाकलंत. ठाऊक नसेल तर तुम्हाला खरंच वाटलं असेल की पोरीने बापाची तार वाचली आणि पुस्तक उघडलं. दोन्हीतलं कुठलं कमी वाईट, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही त्या खाटेवर शेवटचे तीन दिवस दाराकडे बघत होता की नव्हता, हे मी धाकट्याला आजवर विचारलेलं नाही. तो खरं सांगेल, म्हणूनच.

तुम्ही म्हणाल, मग धाकट्याला सांगून टाक की तार मिळालीच नव्हती. तो तर रडेल आणि सुटेल. गेली कित्येक वर्षं तो मनात कुठेतरी माझ्यावर रागावलेला आहे आणि तरी मला बसवून गरम फुलके वाढतो. एका वाक्याचं काम आहे. पण तो पुढचं विचारेल ना, की मग तू होतीस कुठे. मला तीस वेळा वाटलं की आता सांगावं, आणि तीसही वेळा जीभ तिथेच अडली. अनोळखी गाड्यांची लाज आता उरलेली नाही. खोट्या पत्रांचीही मी कशीबशी कबुली देईन. अडतं ते दुसरंच.

तो आत चहा टाकतोय, हाक मारेल. हे कागद मी फाडीन किंवा बॅगेच्या तळाशी ठेवीन, त्याच्या हाती देणार नाही. तेव्हा हॉस्टेलवर परत आल्यावर, तुम्ही गेलात तो शुक्रवार मी आठवून पाहिला, तासातासाने. कुठे काही खुपलं का, घास अडला का, मागे वळून पाहावंसं वाटलं का. तसं काहीच नव्हतं. पीच भरलेल्या एका ट्रकने आम्हाला घेतलं होतं, पुढे जागा नव्हती म्हणून आम्ही मागे पेट्यांवर बसलो होतो, ऊन होतं, हनुवटीवरून रस गळत होता, आणि आम्ही दोघी मोठमोठ्याने गात होतो. आयुष्यात इतक्या सुखात मी त्यापूर्वी नव्हते आणि नंतरही कधी झाले नाही. त्या अख्ख्या दिवसात मला तुमची आठवण एकदाही आली नाही.