सहा स्कूटर आणि एक अबोला

मंगळवार, ४ सप्टेंबर

ठरलं. चार जायच्या, दोन राहायच्या.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठरलं. मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ याच महिन्यात बंद होणार. सव्वीस वर्षं! आता ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा. पासपोर्टचा फोटोसुद्धा लोक घरातल्या भिंतीसमोर काढतात. उरला माझा एकटीचा पगार, पॅथॉलॉजी लॅबमधला. बाहेरगावी शिकणाऱ्या लेकीची अजून दोन वर्षं आहेत. मग घरात विकण्यासारखं काय आहे? तिघांनीही खिडकीतून मागच्या शेडकडे पाहिलं.

मीच म्हटलं, "चार काढते."

तो म्हणाला, "मी सांगितलं नाही हं तुला."

नाहीच सांगितलं. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

बुधवार, ५ सप्टेंबर

सकाळभर लोकांचं रक्त काढत होते आणि डोक्यात एकच — कुठल्या चार?

निळी सगळ्यात पहिली. भंगारवाल्याकडून आणली तेव्हा तिला चाकंसुद्धा नव्हती. उभी करायला दोन वर्षं लागली, आणि पान्हा कसा धरायचा इथपासून सगळं मी तिच्यावरच शिकले. मग पिवळी. मग खोकली — सुरू होताना चारदा खोकते, पाचव्यांदा चालते. दोघी जुळ्या, करड्या. आणि म्हातारी, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सगळ्या चालत्या! शोभेची एकही नाही. दर रविवारी एकीला फिरवून आणते, सहा आठवड्यांनी पुन्हा पहिलीची पाळी.

निळी राहणार. म्हातारी राहणार. बाकीच्यांकडे बघवेना. शेडचं दार न उघडताच वर आले.

शनिवार, ८ सप्टेंबर

जाहिरातीसाठी फोटो हवे होते. नवरा आपणहून मोठा कॅमेरा घेऊन खाली उतरला. स्टुडिओतला पडदासुद्धा आणला! खोकलीसमोर गुडघ्यावर बसून तिला म्हणतो, "हनुवटी जरा वर... हं. डोळे मिटू नका." किती दिवसांनी हसले. सासूबाई वरून गॅलरीतून, "माझा फोटो काढताना कधी एवढा वाकला नाहीस!"

मग निळीसमोर पडदा लावायला लागला. मी म्हटलं, अरे, ही विकायची नाहीये.

"माहितेय. हा आपल्यासाठी."

गुरुवार, १३ सप्टेंबर

जुळ्या गेल्या. एकाच संध्याकाळी, पण दोन दिशांना. एक पावभट्टीवाल्याने नेली, दुसरी एका पोस्टमनने. पोस्टमनने दोन्ही नेल्या असत्या तर बरं झालं असतं, पण बिचारा एकाच वेळी दोन गाड्यांवर कसा बसणार? असला विनोद करून बघितला. कोणी हसलं नाही. मीही नाही.

रविवार, १६ सप्टेंबर

पिवळीसाठी निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, पाठ मात्र ताठ. सोबत जावई, तोंड पाडून उभा. "आई, या वयात कशाला?" बाई ऐकतायत कुठे! म्हणाल्या, अशाच गाडीवरून मी पहिल्या शाळेत जायचे, सगळं गाव दारात येऊन बघायचं. पर्स जावयाच्या हातात दिली, पदर खोचला आणि किक मारली. पहिल्या फटक्यात सुरू! पिवळीने मला कधी असा मान दिला नाही.

भाव केला नाही. जाताना विचारलं, "हिला काय आवडतं?" मी म्हटलं, थंडीत सुरू केल्यावर दोन मिनिटं तशीच उभी ठेवा, लगेच पळवू नका. बाई म्हणाल्या, माझंही तसंच आहे.

ही गेली त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण वेगळं.

बुधवार, १९ सप्टेंबर

आज भांडण. खरंखुरं.

संध्याकाळी एक सजावटवाला आला. हॉटेलं सजवतो. गुळगुळीत दाढी, टोकदार बूट. खोकलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट निळीपाशी गेला. तिच्याभोवती चक्कर मारून आकडा सांगितला. आतापर्यंतच्या तिघींना मिळून जे आलं त्याहून जास्त! वर चहाला बसल्यावर मी विकायची नाही म्हटलं. तो म्हणाला, "विचार करा. कागदपत्रांची कटकट नाही, मॅडम. ही रस्त्यावर जायचीच नाही. लॉबीत उभी राहील. इंजिन आम्ही काढून टाकतो, तेल गळलं तर फरशी खराब होते."

इंजिन काढून टाकतो! नख कापल्यासारखं म्हणाला!

मी त्याला फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाही. कार्ड टेबलावर ठेवून गेला.

नवरा आत आला तो आवाज चढवूनच. "निदान मला विचारायचंस."

"काय विचारायचं? तिचं मढं करून लॉबीत ठेवू का, असं?"

"गाडी आहे ती."

"आणि स्टुडिओ काय होता? खोलीच ना?"

बोलायला नको होतं. बोलून गेले. सासूबाई टेबलावरचे कप उचलत होत्या. बराच वेळ एकच कप विसळत राहिल्या.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

खोकलीला गिऱ्हाईक नाही. सगळे येतात, चार खोकले ऐकतात आणि निघून जातात. घरात सगळे जपून बोलतायत.

शनिवार, २२ सप्टेंबर

निळी नाही.

लॅबमधून आले. शेडचं दार सताड उघडं. म्हातारी आहे, खोकली आहे. मध्ये रिकामी जागा आणि जमिनीवर तेलाचे दोन ठिपके. आधी वाटलं, चोरी. धावत वर गेले. नवरा नुकताच स्टुडिओतून आला होता, बूटही पायातच. सासूबाई त्याच्यासमोर खुर्चीवर. टेबलावर जाड पाकीट.

"निळी कुठंय?"

सासूबाई पदराला हात पुसत राहिल्या. मी पुन्हा विचारलं.

त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिली," म्हणाला. "मी दिली. त्या हॉटेलवाल्याला."

मला ओरडायचं होतं. पण एवढंच म्हटलं, "मला न विचारता?" तो म्हणाला, "हो."

नुसता हो! सबब नाही, समजावणं नाही. सासूबाई उठून आत गेल्या त्या जेवायलासुद्धा बाहेर आल्या नाहीत. त्यांना तरी लाज वाटली म्हणायची.

रविवार, २३ सप्टेंबर

मी त्याच्याशी बोलत नाहीये. सकाळी फोन लावला सजावटवाल्याला. म्हणाला, "मॅडम, इंजिन कालच उतरवलं. खाली चौथरा आहे, त्यावर पक्की बोल्ट केलीय. आणि पैसे तुमच्या घरीच दिलेत ना?" दिलेत. त्यातले निम्मे आज सकाळीच स्टुडिओच्या थकलेल्या भाड्यात गेले. परत मागू तरी कशाच्या जोरावर?

सोमवार, २४ सप्टेंबर

बोलले नाही.

मंगळवार, २५ सप्टेंबर

आज त्याने स्टुडिओचं शटर शेवटचं ओढलं. मला शेजारच्या चष्मेवाल्याकडून कळलं. लॅबमध्ये तपासणीला आला होता, सुई टोचताना म्हणाला, "साहेब एकटेच होते. पाटी स्वतःच उतरवली. मी शिडी धरली."

मी जायला हवं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ती पाटी लावताना शिडी मी धरली होती.

पण गेले नाही. आणि आता "कसं झालं?" असं विचारायला तोंड कुठून आणू? संध्याकाळी पाटी दाराआड उभी करून ठेवलेली दिसली, अक्षरं भिंतीकडे करून. त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि खोलीत निघून आले.

बुधवार, २६ सप्टेंबर

टेम्पोवाला पोतं टाकून गेला. "हॉटेलातून पाठवलंय, तिथं नको म्हणाले."

पोत्यात इंजिन.

पायरीवर बसून राहिले. पोत्याला तेल सुटलं होतं. त्यातला बोल्ट न् बोल्ट माझ्या हाताखालून गेलाय. कार्ब्युरेटरची नळी त्यांनी सोडवलीसुद्धा नव्हती, सरळ कापली होती. नवरा दारात आला. उचलायला वाकला तशी मी त्याचा हात बाजूला केला. एकटीने उचललं. कमरेत उसण भरली ती भरलीच. सासूबाई दारामागून बघत होत्या. डोळे पुसताना दिसल्या. मला रागच आला — आता कसलं रडणं?

शुक्रवार, २८ सप्टेंबर

जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले.

हॉटेलची लॉबी थंडगार. निळी मधोमध, चौथऱ्यावर, वरून दिवा सोडलेला. रंग नवा दिलाय, माझ्या निळ्यापेक्षा भडक. पाय ठेवायच्या जागेत कुंडी, सीटवर खोट्या फुलांची टोपली. लोक येतात, फोटो काढतात, जातात. एका लहान मुलीने हँडल धरून तोंडाने भुर्रर्र केलं तर पहारेकरी धावत आला. "हात नाही लावायचा!"

मीही हात लावला नाही. कोण लागून गेले मी तिची? बाहेर आले. बस मिळेपर्यंत तीन थांबे चालत गेले, कळलंही नाही.

शनिवार, २९ सप्टेंबर

बॅग भरली. बहिणीला फोन केला, उद्या येते म्हटलं. किती दिवस, म्हणाली. माहीत नाही म्हटलं. लॅबला तिच्याकडूनही जाता येतं, एक बस बदलावी लागते एवढंच.

गाडीसाठी घर सोडतेय, असं लोक म्हणतील. म्हणू देत. मला निळीचं तेवढं नाही. विचारलं असतं तर कदाचित मीच दिली असती — इंजिन काढून ठेवून, माझ्या हातांनी, नीट. पण एवढ्या वर्षांत ज्याने माझी साधी पेन्सिल विचारल्याशिवाय घेतली नाही, त्याने हे करावं? मग इतकी वर्षं मी राहत होते कोणाबरोबर?

तो खोलीच्या दारापर्यंत आला. बॅग पाहिली. "थोडं थांबतेस?" म्हणाला. मी साड्यांच्या घड्या करत राहिले. तो परत गेला.

रविवार, ३० सप्टेंबर

सकाळी सासूबाई येऊन माझ्या बॅगेवरच बसल्या.

म्हणाल्या, "गाडी मी दिली. कार्डावरचा नंबर मीच फिरवला, तो स्टुडिओत होता तेव्हा. आदल्या दिवशी फोनवर कुणाकडे तरी गोदामात खोकी उचलायचं काम मागत होता गं, या वयात! मला ऐकवेना. मला काय ठाऊक ते इंजिन काढतात! मला वाटलं, उभीच तर असते."

मग त्याने "मी दिली" का म्हणावं?

"मला बोलूच दिलं नाही. म्हणाला, आई, तुझ्यावर रागावली तर ती जन्मभर मनात ठेवेल. माझ्यावर रागावली तर आठ दिवसांत बोलेल."

आज नववा दिवस आहे.