बाबांच्या मानाचा झगा

पेनसिल्व्हेनिया, छावणीतून

प्रिय आईला कोरिनचा नमस्कार,

बाबा बरे आहेत. तंबूत ओल नाही, दोन घास जास्तच जाताहेत. विसरणं आहे तेवढंच आहे. तुझा गुडघा कसा आहे? टोमॅटो पिकले का?

आम्ही सगळे जुन्या काळातले राजे-सरदार बनतो त्या या हौशी दरबारात काल बाबांना सरदारकीचा मान मिळाला. इथे सगळ्यांचं सोंग जुन्या युरोपातल्या सरदारांचं, बाबांचं तेवढं जपानी. म्हणून खांद्यावर तलवार टेकवायचा विधी मी बदलला. राजाने रेशमी झगा द्यायचा आणि नेहमीचा जयघोष न करता सगळ्यांनी गुपचूप जमिनीला डोकं टेकायचं. राजा, म्हणजे आपला गवंडी मर्ल, कुरकुरला, "अगं, म्हातारा वर्षानुवर्षं आरोळ्यांची वाट बघतोय!" मी ऐकलं नाही.

सगळं चिडीचूप झालं. बाबांनी झगा छातीशी धरला, खाली घातलेल्या माना पाहिल्या आणि मला विचारलं, "कोण गेलं गं? तुझी आई?"

तेव्हापासून रडताहेत. आई घरी आहे असं सांगितलं की मान डोलावतात, आणि परत विचारतात. इथे फोन लागत नाही. दोन ओळी लगेच धाड, तुझ्या हाताने लिहून. तुझं अक्षर त्यांना अजून ओळखू येतंय, तोवर.

तुझी,
कोरिन