शिसं आणि कांद्याची साल

प्रिय धाकटे,

तुझा निरोप मिळाला. तिसरा महिना लागलाय, कारखान्यातल्या रंगात शिसं असतं हे तुला आता कळलंय, म्हणून 'तुमच्या उंदरांना देता ते औषध डबाभर पाठव, मग मी बाळ होईपर्यंत बिनघोर कप रंगवते' असं फर्मान तू सोडलंस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तुला आधी सगळं नीट सांगते, मग हवं तर भांड.

औषध कसलं, कांद्याची साल आहे ती! आमच्या प्रयोगशाळेच्या कँटीनमधून साली गोळा करणं हे माझंच काम. तिथला आचारी मला 'सालवाली' म्हणतो आणि वर चहासुद्धा पाजतो. प्रयोग करणाऱ्या आमच्या मॅडम त्या साली वाळवून त्यांचा अर्क काढतात. मी पिंजरे साफ करते, पिल्लांना पोहायला सोडते आणि घड्याळ धरून उभी राहते. एवढंसं काम, पण त्यात मी जे पाहिलं ते कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

टपात गढूळ पाणी असतं आणि त्याखाली बोटभर खोल एक छोटं स्टूल लपवलेलं असतं. साध्या पाण्यावर वाढलेल्या आईचं पिल्लू चौथ्या दिवशी सरळ त्या स्टुलाकडे पोहत जातं. जिला पोटुशी असताना शिशाचं पाणी पाजलं, तिची पिल्लं गोल गोल फिरत राहतात. दहाव्या दिवशीही. काल जिथे टेकली होती, त्याच्या अगदी शेजारून निघून जातात बिचारी. मी त्यांना टॉवेलात गुंडाळते तेव्हा त्यांची छाती धडधडत असते. तिसऱ्या गटातल्या आयांना शिसंही दिलं आणि सालीचा अर्कही. पाचव्या दिवशी त्यांचं एक पिल्लू दोन वळणं घेऊन स्टुलावर चढलं आणि ऐटीत मिशा पुसायला लागलं. मग दुसरं. मी घड्याळ दाबायचंच विसरले, आणि एरवी करवादणाऱ्या मॅडमही तोंडात बोट घालून बघत राहिल्या. शिसं पेशींमध्ये आग लावतं आणि सालीतली द्रव्यं ती आग आपल्या अंगावर घेतात, असं त्यांनी मला समजावलं. आपण जी केरात टाकतो ती साल गं! कांदा जे पांघरूण स्वतःसाठी विणतो, ते कुणाच्या तरी पोटातल्या पिल्लाला पुरतं, याचं मला अजून रोज नवल वाटतं.

पण सगळ्यांना पुरत नाही. बारातली पाच पिल्लं फिरतच राहिली. शिसं म्हणे कॅल्शियमचं सोंग घेऊन येतं, आणि पोटात गर्भाला पोसणारी वार ते बाळासाठीच आलंय असं समजून आत घेते. एवढी शहाणी वार, पण तिथे फसते. गर्भार बाईला हा अर्क किती द्यायचा, तो तिला सोसेल का, आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. जवळ पाणी आहे म्हणून कुणी गादीवर निखारे ठेवत नाही, असं मॅडमनी तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय.

आता जे लिहितेय ते कधी बोलले नाही. ती गोल फिरणारी पिल्लं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मीच दिसले. पाढे डोक्यात न राहणारी, शाळेतून येताना वाट चुकणारी, दोन वर्षांनी मोठी असून तुझ्याच वर्गात येऊन बसलेली. सगळे 'वेंधळी' म्हणायचे, मीही हसून घ्यायचे. माझ्या वेळी आई तुझ्याच टेबलाशी बसून कपांवर फुलं काढायची, कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक करायची. नऊ महिने. तुझ्या वेळी तिला पॅकिंगला बसवलं होतं. कुंचला ओठांत धरायची ती खोड तिने पुढे तुला शिकवली, तीही मायेनेच, कारण टोक बारीक तर पाकळी बारीक. माझं जे झालं ते शिशामुळेच, हे मॅडमही छातीठोकपणे सांगत नाहीत. आईचा तर काहीच दोष नाही, तिला कोण सांगणार होतं? हे तिच्या कानावर कधी घालू नकोस.

मागच्या महिन्यात तू आलीस तेव्हा अशक्तपणा तपासू म्हणून मी तुला रक्त द्यायला लावलं. थाप मारली मी. ती शिशाची तपासणी होती, आणि काल तिचा रिपोर्ट माझ्या पत्त्यावर आला. आकडा मी तीनदा वाचला. माझा आकड्यांवर भरवसा नाही, म्हणून चौथ्यांदा मॅडमकडून वाचून घेतला. मी चुकले नव्हते. तो जास्त आहे, धाकटे. पण डॉक्टर म्हणाले, आजपासून हात थांबला तर तो उतरायला लागेल, आणि बाळाचे अजून जवळजवळ सात महिने शिल्लक आहेत. पत्र घेऊन आलेल्या ड्रायव्हरला मी तुझ्या कारखान्याच्या फाटकाशी थांबायला सांगितलंय. हातात कप असेल तर अर्धवट ठेव, तोंड धू, आणि त्याच गाडीत बस.

तुझीच, वाट बघत बसलेली,
ताई