गालावरचा ठेका

प्रिय भुंग्या,

तुझं नाव आता चौकाचौकातल्या फलकांवर झळकतं, पण मी तुला भुंग्याच म्हणणार. पाळण्यात होतास तेव्हापासून गुणगुणून माझे कान किटवलेस, तेवढा हक्क मला आहे.

तुझं नवं गाणं ऐकलं. ऐकावंच लागलं. खालचा न्हावी लावतो, समोरचा व्यायामशाळावाला लावतो, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर मी आ वासून पडलेली असताना लावलं, त्यामुळे मला बोलायचीही सोय नव्हती. चाल झकास आहे, कबूल. पण त्यात नवरा बायकोला म्हणतो, माझी आहेस म्हणून मारतो. मग ठेक्यावर थप्पड वाजते आणि बायको लाजते. हे काय आहे रे? काल जिन्यात शेजारची दोन चिमुरडी तेच खेळत होती. तो चापट मारायचा, ती लाजायची. मी खेकसले, तर ती पोरगी वर मलाच सांगते, "आजी, हे खरं मारणं नाही, गाण्यातलं आहे!" आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी माझ्या बोटांवर थोड्या पट्ट्या नाही ओढल्या, पण निदान त्याला चाल लावली नव्हती.

मुलाखतीत तू मोठ्या कौतुकाने सांगितलंस, की ती थप्पड खरी वाटावी म्हणून तुम्ही स्टुडिओत दिवसभर खपलात. उशीवर, ओल्या कातड्यावर हात मारून पाहिलेत. मला विचारायचंस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून मी जन्म काढला. एका दुपारी तिथे तुझ्या आईचा फोन आला. तू तापाने फणफणला होतास, कुठल्या डॉक्टरकडे नेऊ म्हणून विचारत होती. मागून तुझ्या बाबांचा आवाज आला, "कोणाशी बोलतेस?" आणि मग तो दुसरा आवाज. तुझ्या गाण्यात त्यानंतर ढोल सुरू होतात. त्या दिवशी काहीच वाजलं नाही. तूसुद्धा रडायचा थांबलास. मग ती म्हणाली, "ताई, दूध उतू जातंय, ठेवते." इतकं सराईतपणे म्हणाली, की ही पहिली वेळ नव्हे हे मला कळलं.

तुझे बाबा गेले तेव्हा तू बालवाडीत होतास. ते देवमाणूस होते असंच तुला सांगायचं तिने ठरवलं. "पोराला बाप तरी चांगला मिळू दे," म्हणाली आणि माझ्याकडून वचन घेतलं. आज ते मोडते आहे, तिला न विचारता. ती माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.

रविवारी तुझा सत्कार आहे. तू तिला मंचावर बोलावून तेच गाणं म्हणायला लावणार आहेस, हे तिने परवा मला सांगितलं. मी विचारलं, "जमेल तुला?" तर म्हणाली, "पोराची हौस आहे गं ताई, दोन ओळी तर म्हणायच्यात." आणि मला म्हणूनही दाखवल्या. थपडेची जागा आली तशी तिने डोळे घट्ट मिटले आणि मान झटकन बाजूला घेतली. तिचं तिला कळलंही नाही. हसू तसंच होतं. रविवारी सभागृहाला तो अभिनय वाटेल, टाळ्या पडतील. भुंग्या, गाणं बदल, सत्कार नाकार, काय करायचं ते तुझं तू बघ. पण माझ्या बहिणीला त्या ठेक्यावर उभी करू नकोस.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
मावशी