सोळाशेचे सहाशे

३ एप्रिल २००६, धानोरा
दुपारी लॅपटॉप पुन्हा रांगायला लागला. प्रोसेसर १६०० मेगाहर्ट्‌झवर चालायला हवा, बघितलं तर ६००. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, वेगाची वरची मर्यादा बदलता येते. कुणीतरी ती खाली आणली आहे. मी नाही. आणि दवाखान्याच्या या खोलीत लॅपटॉपजवळ माझ्याशिवाय फक्त नमुने गोळा करणारा इसरू येतो.

५ एप्रिल
वेळा लिहून ठेवल्या. रक्ताच्या एका स्लाइडच्या फोटोतून सिकलसेलच्या पेशी मोजायला सकाळी चार मिनिटं लागतात, दुपारी अकरा. तिन्ही दिवस सारखंच. इसरू गावांमधून नमुने घेऊन बाराला येतो. साडेबाराला वेग पडतो.

६ एप्रिल
मर्यादा १६०० लिहिली. लगेच वाचून बघितली — ६००! माझं लिहिलेलं टिकतच नाही. मागे कुणाचा तरी प्रोग्राम बसलाय. इसरूने गडचिरोलीला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलाय. आणि मी पासवर्ड टाकताना हा नेमका मागे उभा असतो.

१० एप्रिल
पासवर्ड बदलला. साडेबारा. ६००.

११ एप्रिल
आता कळतंय, काऊन करतोय हा असं. मार्चच्या मीटिंगमध्ये दवाखाना चालवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं की सगळ्या रुग्णांची नावं-गावं रिपोर्टसकट नागपूरच्या एका कंपनीला द्यायची आहेत. इसरू एकटा उठला. म्हणाला, लोकायचं रक्त त्यायच्या नावासकट बाहेर जाते, तं आधी त्यायले विचारा. मॅडमचा चेहरा असा झाला! काम थांबवता येत नाही म्हणून हा हळू करतोय. दुसरं काय?

१३ एप्रिल
सातव्या महिन्याची बुधरी भर उन्हात जंगलातून नऊ किलोमीटर चालत आली. चार वाजेपर्यंत बाकावर बसली. तिच्या आधीच्या स्लाइडच संपल्या नाहीत, रिपोर्ट निघाला नाही. अंधाराच्या आत घरी पोचायचं म्हणून तशीच परत गेली. इसरू तिच्याशी गोंडीत बराच वेळ बोलत होता. माझ्याकडे एकदा बघितलं. काय सांगत होता तिला?

१५ एप्रिल
मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "लेखी दे," एवढंच. तिथेच बसून लिहिलं, सही केली.

१७ एप्रिल
इसरूला काढलं. वाटलं होतं ओरडेल. त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, पेनं खिशात घातली.
"रंजीताबाई, मले नुसतं विचारलं असतं तुमी."
मी किल्ली उचलून ड्रॉवरमध्ये टाकली.

१८ एप्रिल
खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. आज काम पळेल.

१८ एप्रिल, संध्याकाळी
पळालं नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या डोळ्यांसमोर १६०० चे ६०० झाले. खोलीत मी एकटी. एकच्या सुमारास मशीन आपोआप बंद पडली. असं कधी झालं नव्हतं.

१९ एप्रिल
कर्नलची नोंदवही, म्हणजे लॉग, आज पहिल्यांदा नीट वाचली. आधी वाचायला काय झालं होतं? तापमान वाढलं की कर्नल स्वतःच मर्यादा खाली आणतो. मी कितीही मोठा आकडा लिहिला तरी सगळ्यात लहान मर्यादाच चालते. कुणाचा प्रोग्राम नाही, कुणाचा हात नाही. टिनाचं छप्पर आणि एप्रिलची दुपार.
मग मशीन आताच बंद का पडली? झाडूवाल्या गिरजाबाईने सांगितलं. इसरू आल्या-आल्या खिडकीच्या वाळ्याच्या ताट्या भिजवायचा, दिवसातून चारदा. मला वाटायचं, खोली गार ठेवणाऱ्या त्या ताट्या गिरजाबाईच भिजवतात.

२० एप्रिल
पहाटे पाचला येऊन स्लाइड लावल्या. चार-चार मिनिटं. बुधरीचा रिपोर्ट निघाला — सिकलसेल आहे. बाळंतपण घरी नको. जीपने तिच्या गावी गेले, दवाखान्यात यायची तारीख समजावून दिली. ती म्हणाली, इसरूने त्या दिवशीच सांगितलं होतं, रंजीताबाई चांगल्या आहेत, तुझा रिपोर्ट निघेपर्यंत थांबतील त्या.
त्याच्या घरावरून जीप गेली. मी थांबवली नाही.

२१ एप्रिल
मॅडमना अजून सांगितलं नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

२२ एप्रिल
सांगितलं. चूक माझी, इसरूला परत बोलवा, म्हटलं. मॅडमनी माझ्यासाठी चहा मागवला.
"तो नव्हताच, हे मला तेव्हाही वाटलं होतं. पण तू लिहून दिलंस, बरं झालं. नावं सोमवारी नागपूरला पाठवून टाक."